यंत्रास काम सांगण्याची विद्या

शाळेचें वार्षिक हातीं पडलें म्हणजे वाचक प्रथम काय पाहतो, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. मुख्याध्यापकांचें निवेदन तो मागाहून वाचतो, निबंध सवडीनें वाचतो, आणि आमच्यासारख्यांचे विचार तर बहुधा वाचीतच नाहीं. परंतु छायाचित्रांचीं पानें मात्र तो उभ्या उभ्या चाळतो. आपला मुलगा कवायतीच्या कोणत्या रांगेंत उभा आहे, आपल्या मुलीच्या हातांतील ढाल नीट दिसते कीं नाहीं, हें पाहून झाल्यावरच घरांत अंक खालीं ठेवला जातो. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु हीं छायाचित्रें छापण्यायोग्य करण्यासाठीं जें काम करावें लागतें, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आज आम्ही त्याविषयीं लिहीत आहों, आणि त्या निमित्तानें एक मतही वाचकांपुढें मांडीत आहों. आमचें मत थोडक्यांत असें कीं, तेंच तेंच काम यंत्राकडून करवून घेण्याची विद्या प्रत्येक विद्यार्थ्यानें शाळेंतच शिकावी. परंतु ती शिकतांना, आज्ञा देणाराची जबाबदारी काय असते, हेंही त्यानें तितक्याच कसोशीनें शिकावें.

प्रथम कामाचें स्वरूप सांगतों. हल्लीच्या चांगल्या कॅमेऱ्यानें काढलेलें छायाचित्र रुंदीला ६००० व उंचीला ४००० बिंदूंचें असतें. म्हणजे एका चित्रांत २,४०,००,००० बिंदू झाले. चांगल्या कागदावर चित्र स्वच्छ उठण्यासाठीं इंचाला ३०० बिंदू असावेत, असा छापखान्याचा सर्वसाधारण दंडक आहे. त्या हिशोबानें पांच इंच रुंदीच्या चित्रास १५०० बिंदू पुरतात. रुंदी चौथाई, उंचीही चौथाई, म्हणून एकंदर बिंदू सोळावा हिस्सा. बाकीचे पंधरा हिस्से त्या पानापुरते तरी निरुपयोगी असतात. पालकांच्या मोबाइलवर पाठवावयाच्या प्रतीस तर याहूनही कमी पुरतात. आठ-दहा मेगाबाइटांची मूळ फाईल त्यांस पाठविणें म्हणजे एक चिठ्ठी पोंचविण्यासाठीं बैलगाडी जुंपण्यासारखें आहे. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, विज्ञानप्रदर्शन व निरोपसमारंभ हीं सारीं मिळून वर्षाकाठीं चारशेंहून अधिक छायाचित्रें आमच्याकडे जमतात, आणि त्या प्रत्येकाचा आकार कमी करावा लागतो.

पूर्वीं हें काम आमच्या शाळेंत हातानेंच होत असे. दोघे विद्यार्थी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत बसत. फाईल उघडावयाची, आकार बदलण्याची चौकट काढावयाची, आंकडा लिहावयाचा, निराळ्या नांवानें जतन करावयाचें, बंद करावयाचें, आणि पुढची फाईल उघडावयाची. एका चित्रास एक मिनिट धरलें तरी चारशें चित्रांस चारशें मिनिटें, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास लागत. पहिलीं पन्नास चित्रें मुलांच्या हातून मनापासून होत. पुढें हात चाले, पण मन चालत नसे. मग कोठें १५०० च्या जागीं १५० पडत, कोठें रुंदी तेवढी कमी होऊन उंची तशीच राही आणि कबड्डीचा सगळा संघ काटकुळा दिसूं लागे. यांत मुलांस दोष देतां येणार नाहीं. ज्या कामांत विचार करण्यास जागाच नाहीं, त्या कामांत मन फार वेळ रमत नाहीं. हा मनुष्यस्वभावच आहे.

या कष्टांतून सुटण्याचा मार्ग नवा नाहीं. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांइतका तरी जुना आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून यूनिक्स नांवाची संगणकव्यवस्था घडविली. तिच्या गाभ्याभोवतीं, मनुष्याची लेखी आज्ञा ऐकून ती आंत पोंचविणारें एक कवच असतें. त्यास शेल म्हणतात. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्यें लोकांच्या हातीं आला, आणि त्याच वळणावर ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ मध्यें बॅश नांवाचा शेल लिहिला. शेलला एकेक आज्ञा तोंडातोंडी देतां येते, तशीच अनेक आज्ञांची यादी एका फाइलींत लिहून ती एकदम हातीं देतांही येते. या यादीस स्क्रिप्ट म्हणतात. छायाचित्रांचें काम करणारें इमेजमॅजिक हें साधनही असेंच जुनें आहे. ड्यूपॉन्ट कंपनींत काम करणारे जॉन क्रिस्टी यांनीं तें १९८७ मध्यें लिहावयास घेतलें व १९९० मध्यें तें सर्वांस मोकळें झालें. या दोन्हींस एक पैसाही पडत नाहीं.

स्क्रिप्टमध्यें काय लिहावयाचें, तें साध्या मराठींत सांगितलें तर असें होईल : “या फोल्डरांत ज्या ज्या फाइलीच्या नांवाचा शेवट ‘जेपीजी’ असा आहे, त्यांतील एकेक घे, कॅमेरा आडवा धरला होता कीं उभा, तें पाहून चित्र सरळ कर, त्याची लांब बाजू १५०० बिंदूंची कर, नवी प्रत ‘लहान’ नांवाच्या निराळ्या फोल्डरांत त्याच नांवानें ठेव, आणि फायली संपेपर्यंत असेंच करीत राहा.” शेलच्या भाषेंत हें सारें ‘फॉर’ या शब्दानें सुरू होतें, ‘डू’ या शब्दापुढें काम सांगितलें जातें, आणि ‘डन’ म्हटलें कीं आज्ञा पुरी होते. लांब बाजूची मर्यादा सांगितली म्हणजे दुसरी बाजू इमेजमॅजिक आपण होऊन प्रमाणांत ठेवतें. मुद्दाम सांगितल्यावांचून तें कोणास काटकुळें करीत नाहीं. चार ओळींचें हें लिहिणें; पण पावणेसात तासांचें काम आमच्या शाळेच्या जुन्या संगणकावरही थोडक्या मिनिटांत उरकतें, आणि चारशेंवें चित्र पहिल्याइतकेंच बिनचूक होतें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, आम्ही यंत्राची स्तुति गाण्यास बसलों आहों. तसें नाहीं. आमच्या हातून घडलेली एक चूक येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. स्क्रिप्ट लिहिण्याचें आम्हीं नुकतेंच शिकलों होतों आणि नव्या शिकाऊ मनुष्यास असतो तो सगळा उत्साह आमच्या अंगीं होता. निरोपसमारंभाचीं छायाचित्रें पालकांस पाठविण्यासाठीं ८०० बिंदूंचीं करावयाचीं होतीं. इमेजमॅजिकमध्यें ‘मॉग्रिफाय’ नांवाची एक आज्ञा आहे. ती फार सोयीची, कारण एका ओळींत सगळा फोल्डर होतो. परंतु तिचा स्वभाव असा कीं, निराळें सांगितलें नाहीं तर ती नवी प्रत मूळ फाइलीवरच लिहिते. हें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें, पण त्या संध्याकाळीं ध्यानांत राहिलें नाहीं. आज्ञा दिली, क्षणभरांत काम झालें, आम्हीं स्वतःवर खूष होऊन घरीं गेलों. कॅमेऱ्यांतील कार्ड दुसऱ्या दिवशीं क्रीडास्पर्धेसाठीं पुसून दिलेलें होतें. अशा रीतीनें पुसलेली फाईल कचऱ्याच्या टोपलींतही सांपडत नाहीं. त्या वेळीं कोणाच्या कांहींच लक्षांत आलें नाहीं. मोबाइलवर चित्रें उत्तम दिसत होतीं.

पुढच्या पावसाळ्यांत आमच्या शाळेचे जुने शिपाईमामा वारले. तीस वर्षांहून अधिक काळ शाळेची घंटा त्यांच्याच हातीं होती. छायाचित्र काढून घेण्याचा त्यांस संकोच असे. कॅमेरा दिसला कीं ते खांबाआड होत. त्या निरोपसमारंभाच्या दिवशीं मात्र एका विद्यार्थिनीनें ते घंटेजवळ उभे असतांना, कशावरून तरी हसत असतांना, चित्र टिपलें होतें. मामांचा मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. घरांत लावण्यासाठीं तें चित्र मोठें करून हवें, म्हणून तो आईला घेऊन शाळेंत आला. आम्हीं फाईल शोधली, आणि ८०० हा आंकडा पाहून आमचा चेहरा उतरला. बारा इंच रुंदीचें चित्र करावयाचें तर मूळ फाइलींतून इंचाला ५०० बिंदू मिळाले असते. आतां जेमतेम ६७ मिळत होते. तरी छापून घेतलें. डोळ्यांच्या जागीं पुसट ठिपके आले. आम्हीं घडलें तें सर्व मामींस सांगितलें व क्षमा मागितली. त्या चित्राकडे पाहत म्हणाल्या, “असूं द्या, सर. हसतात हें कळतें, तेवढें पुरे.” त्यांनीं तें चित्र पदराखालीं झांकून नेलें. बाहेर पाऊस होता.

त्या दिवसापासून आम्ही एका गोष्टीचा विचार करीत आलों आहों. यंत्रानें चूक केली काय? मुळींच नाहीं. सांगितलें तेंच त्यानें चारशें वेळां अचूक केलें. हेंच काम त्या दोघां विद्यार्थ्यांनीं हातानें केलें असतें तर त्यांच्या हातून दहा चुका झाल्या असत्या, परंतु तिसऱ्या चित्राशीं त्यांतील एकानें मान वर करून विचारलें असतें, “सर, मूळ फाईल राहूं द्यायची ना?” यंत्र असें विचारीत नाहीं. काम हातानें करतांना मधेंच जो प्रश्न सुचतो, तो काम यंत्राकडे गेलें म्हणजे सुचण्यास जागाच उरत नाहीं. म्हणून तो प्रश्न आज्ञा देणारानें आधींच स्वतःस विचारून ठेविला पाहिजे. यंत्रास काम सांगण्याच्या विद्येचें सार एवढेंच आहे. फॉर, डू व डन हे शब्द एका दुपारींत येतात.

या अनुभवांतून आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांसाठीं पांच नियम केले आहेत. पहिला : मूळ चित्रास हात लावूं नये. नवी प्रत नेहमीं निराळ्या फोल्डरांत ठेवावी, आणि मूळ चित्रांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्यावांचून काम सुरू करूं नये. जेपीजी पद्धतींत प्रत्येक वेळीं नव्यानें जतन करतांना चित्राचा थोडा थोडा तपशील गळतो. म्हणून लहान केलेल्या चित्रावरून पुन्हां लहान चित्र करूं नये, प्रत्येक वेळीं मूळाकडेच जावें. दुसरा : आज्ञा प्रथम एका चित्रावर, मग पांचांवर, मग सर्वांवर चालवावी. त्याहूनही आधीं आज्ञेपुढें ‘एको’ हा शब्द लिहावा; म्हणजे शेल प्रत्यक्ष काम न करतां, काय करणार होता तें नुसतें वाचून दाखवितो. तिसरा : फायलींचीं नांवें अवतरणचिन्हांत घालावीं. ‘सहल दुसरा दिवस’ असें नांव मोकळें सोडलें तर शेल त्याच्या तीन फायली समजतो आणि तिन्ही सांपडत नाहींत म्हणून तक्रार करतो. चौथा : जीं चित्रें आधींच लहान आहेत तीं उगाच फुगवूं नयेत. ‘मोठें असेल तरच कमी कर’ असें सांगण्यास आंकड्यापुढें गणितांतील ‘पेक्षां मोठें’ हें चिन्ह लिहितात. परंतु शेलच्या भाषेंत त्याच चिन्हाचा अर्थ ‘उत्तर पुढील फाइलींत लिही’ असा आहे, म्हणून तेंही अवतरणांतच पाहिजे. पांचवा : काम संपल्यावर दोन्ही फोल्डरांतील फायली मोजाव्या, आणि निदान दहा चित्रें स्वतःच्या डोळ्यांनीं उघडून पाहावीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. एक पालक आम्हांस म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला? चित्रें घेऊन फुकट लहान करून देणारीं संकेतस्थळें पुष्कळ आहेत.” आहेत, हें खरें. परंतु चारशें मुलामुलींचीं छायाचित्रें आपण कोणाच्या संगणकावर ठेवीत आहों, तीं तेथें किती दिवस राहतील, याचा विचार पालकांनींच प्रथम करावयास नको काय? शाळेच्या संगणकावर स्क्रिप्ट चालविली तर एकही चित्र खोलीच्या बाहेर जात नाहीं. शिवाय पुष्कळ मोबाइलांतील छायाचित्रांच्या फाइलींत, चित्र केव्हां व कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढलें याची अदृश्य नोंद असते. घराच्या अंगणांत काढलेल्या चित्राबरोबर घराचा पत्ता जावा, हें कोणास आवडेल? ‘स्ट्रिप’ या एका शब्दानें ती नोंद काढून टाकतां येते. मात्र चित्र आधीं सरळ करून घ्यावें, कारण आडवें-उभें कसें दाखवावें ही सूचनाही त्याच नोंदींत असते. आणि छापखान्याच्या प्रतीस ही आज्ञा देऊं नये, कारण तिच्याबरोबर रंगांची माहितीही जाते. पाहा, एका शब्दाचा उपयोग करण्यासहि किती जाणावें लागतें!

दुसरा आक्षेप असा कीं, यानें मुलें आळशी होतील. आमचा अनुभव उलट आहे. जे दोघे पूर्वीं पावणेसात तास आंकडे लिहीत बसत, ते आतां तोच वेळ छायाचित्रांखालच्या नांवांसाठीं देतात. प्रत्येक वर्गांत जाऊन, चित्र दाखवून, रांगेंतील मुलांचीं नांवें डावीकडून उजवीकडे लिहून आणतात; आडनांवाचा ऱ्हस्व-दीर्घ विचारतात. कोणतीं चित्रें घ्यावीं, कोणत्या मुलाचें चित्र अद्याप एकदांही आलेलें नाहीं, याचा निवाडा करतात. हें काम कोणतेंही स्क्रिप्ट करणार नाहीं, कारण तें मोजण्याचें नसून आस्थेचें आहे. यंत्रानें माणसाचा वेळ वांचविला म्हणजे तो वेळ माणसांसाठीं लागला पाहिजे. तो नुसताच वांचला तर त्यांत शोभा काय?

तिसरा आक्षेप अगदीं ताजा आहे. हल्लीं मागतांक्षणीं स्क्रिप्ट लिहून देणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. मग मुलांनीं ही भाषा शिकावी कशाला? यास आमचें उत्तर एवढेंच कीं, न वाचतां सही केलेल्या कागदाची जबाबदारी सही करणारावरच पडते. दुसऱ्यानें लिहिलेली आज्ञा चालविणारा हात आपलाच असतो, आणि पुसलेलीं चित्रेंही आपलींच असतात. ज्या ओळीचा अर्थ आपणांस सांगतां येत नाहीं, ती ओळ चालवूं नये. मग ती मित्रानें दिलेली असो, पुस्तकांतून उतरलेली असो, वा यंत्रानें लिहिलेली असो. हें समजण्यापुरती तरी ही भाषा प्रत्येकास आली पाहिजे.

म्हणून आमची शाळेस व पालकांस विनंती आहे कीं, आठवी-नववीच्या वर्गांत संगणकाचा तास केवळ टंकलेखनांत व पाठ केलेल्या व्याख्यांत जाऊं नये. प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान एक तरी स्क्रिप्ट स्वतः लिहावी, ती खऱ्या उपयोगाची असावी, आणि चालविण्यापूर्वीं तिची प्रत्येक ओळ त्यानें वर्गापुढें उभें राहून मराठींत समजावून सांगावी. ज्याला आपलें म्हणणें चार ओळींत नेमकें सांगतां येतें, त्याचा निबंधही सुधारतो आणि गणितही, असें आम्हांस दिसून आलें आहे. कारण यंत्रापुढें मोघम बोलून भागत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या अंकांतील छायाचित्रें तुमच्याच सोबत्यांनीं लिहिलेल्या चार ओळींनीं तयार झालीं आहेत, आणि मूळ चित्रें दोन ठिकाणीं सुरक्षित आहेत. मामांच्या त्या चित्राची एक लहान प्रत आम्हीं संगणकाच्या खोलींत दाराशेजारीं लाविली आहे. त्या आकारांत तें स्वच्छ दिसतें. नवीन मुलें विचारतात, “सर, हें एवढेंसें कां?” तेव्हां आम्ही त्यांस ही सारी हकीकत सांगतों, आणि मगच संगणक सुरू करूं देतों.